तिच्या बाजूचा रकाना

‘मी माझ्या भावाशी बोलत नव्हते, हे तुमच्या मशीनला कुणी सांगितलं?’

दारात उभ्या असलेल्या बाईनं हे इतक्या शांतपणे विचारलं, की मला वाटलं, वाट चुकली असेल. वाट चुकलेली माणसं आमच्याकडे रोज येतात. तळमजल्यावर दवाखाना, वर वॉर्ड, त्यावर रक्ततपासणी आणि सगळ्यात वर आम्ही. दारावर पाटी ‘माहिती-रचना विभाग’, आणि माहिती हा शब्द दिसला की लोक एक्स-रे कुठे मिळतील ते विचारणारच. मी मान वर न करता हातानंच जिना दाखवला. ती हलली नाही. पुढे येऊन तिनं घडी घातलेला दवाखान्याच्या नोंदीचा एक कागद माझ्या टेबलावर उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाला बारीक बारीक चिरा होत्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, असं तिनंच सांगितलं. ओळ अशी होती: बहीण – परस्पर दुरावा – कळवू नये. ‘माझा भाऊ अकरा दिवस खालच्या वॉर्डात होता,’ ती म्हणाली. ‘मी दोन गल्ल्या सोडून राहते. मला शेजाऱ्यानं सांगितलं, तेही सगळं आटोपल्यावर. तो नव्हता हो माझ्याशी बोलत, ते खरंय. पण मी बोलत होते ना! दर सुट्टीला त्याच्या दाराबाहेर उभी राहायची आणि बोलायची. मी बोलायला लागले की तो आतला रेडिओ बंद करायचा. म्हणजे ऐकत होता ना? मला कुणी विचारलं का, बाई गं, तुझ्या बाजूनं काय आहे म्हणून?’ मी म्हणाले, तपासून कळवते. ‘आता काय कळवता?’ ती म्हणाली, आणि कागदाची पुन्हा तीच घडी घालून निघून गेली. आरडाओरडा केला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

कारण मशीनला सांगणारी मीच. आमचं काम नेमकं काय, हे मी आजवर एकाही माणसाला धड समजावू शकलेले नाही. आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, ‘ती कॉम्प्युटरात काहीतरी आवरते.’ तसं ते फारसं चूकही नव्हतं. दवाखान्यात काय काय आहे आणि ते कशाच्या आधारानं आहे, एवढंच आम्ही लिहून काढतो. खाट आहे. रुग्ण आहे. रुग्णाला ताप आहे. पण ताप खाटेसारखा नाही, तो कोपऱ्यात सरकवून ठेवता येत नाही. तो कुणाच्या तरी अंगात असतो आणि ते अंग नसेल तर तापही नसतो. आम्ही तापाला गुण म्हणतो आणि माणसाला त्याचा धारक. इथवर कुणाचं काही भांडण नाही. भांडण सुरू होतं ते दोन माणसांशिवाय नसणाऱ्या गुणांपाशी: ओळख, विश्वास, माया, वैर. पाच वर्षांपूर्वी हे सगळं मशीनला शिकवायची वेळ आली, कारण रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर कुणाला आपोआप निरोप जावा आणि कुणाला जाऊ नये, हे त्यावरून ठरणार होतं. आम्ही त्यांना नातेगुण म्हणायला लागलो. नातेगुण कुणाच्या अंगात असतो, यावरून माझं आणि पंतोजींचं चांगलं अडीच महिने वाजलं.

पंतोजी म्हणजे आमच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून आमच्याकडे आले. सगळा मजला त्यांना तोंडावर पंतोजी म्हणतो आणि ते ओ देतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘बाई, माझी माया माझ्यात असते. ती दुसऱ्या कुणावर टेकलेली असते, ते माणूस जन्मालाच आलं नसतं तर ही मायाही नसती, कबूल. पण आहे ती माझ्यात. त्या माणसाची त्याच्यात. वस्तू दोन. दोन्ही सापडल्या तर दोन्ही लिहा आणि त्यांची मिळून मैत्री म्हणा. एकच सापडली तर एकच लिहा. तुम्ही काय करताय, दोघांना एकाच सदऱ्यात कोंबताय.’ मी म्हणायची, एकच गुण, धारक दोन. अबोला आहे तर तो दोघांत आहे. अर्धा अबोला कधी कुणी पाहिलाय? ते म्हणायचे, मी पाहिलाय. मी म्हणायची, नर्सला श्वास घ्यायला फुरसत नाही, ती काय दोन-दोन बाजूंची चौकशी करत बसणार? एक कळ दाबली की दोघांच्याही नावापुढे नोंद पडली पाहिजे. सगळ्यांना हे पसंत पडलं. सोपं होतं, देखणं होतं. शेवटच्या बैठकीत पंतोजी चष्मा पुसत म्हणाले, ‘ठीक आहे. पण तुम्ही एवढ्या का पेटलाय, ते मला कळलं नाही.’ मला राग आला होता. एवढ्यातेवढ्यावरून मला राग येतोच, पण तो राग वेगळा होता. चोरी पकडली गेल्यासारखा.

तेव्हा ताई आणि मी बोलत नव्हतो त्याला एक वर्ष झालं होतं. हे वाक्य मी असंच म्हणत आले: ताई आणि मी बोलत नाही. आमचा अबोला आहे. कुणी विचारलं तर असंच, आणि कुणी विचारलं नाही तर मनातल्या मनातही असंच. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, त्यामुळे मला ताईनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. माझे केस धुताना ती जे बोलायला लागायची ते केस वाळेपर्यंत. पाणी कानात जायचं आणि तिच्या गोष्टीतली मधली मधली वाक्यं बुडायची. मी ‘काय, काय?’ करत राहायची आणि ती प्रत्येक वेळी नवीनच काहीतरी सांगायची, लबाड. मला ठकू म्हणायची. ती सगळ्यांशीच बोलायची. भांड्यांशी, बटण तुटलेल्या फ्रॉकशी, जिन्याशी. कुलूप अडकलं तर त्याला म्हणायची, ‘उघड की रे बाबा, किती भाव खाशील?’ जी बाई कुलपाचीसुद्धा समजूत काढते, ती माझ्याशी सहा वर्षं अबोला धरेल, हे मला पटलं तरी कसं? पटलं. मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

झालं होतं ते इतकंसं. शेवटची तीन वर्षं आईचं सगळं ताईनं केलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, औषधांचे तक्ते करून द्यायची, फायलींना चिठ्ठ्या लावायची. आई गेल्यावर तिची खोली रिकामी करायला आम्ही दोघी बसलो. मी तीन खोकी मांडली आणि वर लिहिलं: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. भराभर वाटण्या करत सुटले. मला रडू येत होतं आणि हात थांबले तर ते येईल, हे मला माहीत होतं. ताई एका कोपऱ्यात आईचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. मध्येच उठली आणि ‘टाकायचं’मधून आईची उशी बाहेर काढली. उशीला मधोमध डोक्याचा खळगा होता. ‘तू बहीण नाहीस, कारकून आहेस,’ ती म्हणाली. ‘मी मेले की मलाही टाक कुठल्यातरी खोक्यात.’ खोलीत मामेभाऊ होता, त्याची बायको होती. मी पर्स उचलली आणि चालती झाले. बसमध्ये माझी बोटं मार्करच्या शाईनं काळी झालेली दिसली आणि मी ती पदराला पुसत राहिले. ती खोटं बोलली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

त्यानंतर तिचे फोन यायचे. दर रविवारी, अकराच्या सुमाराला. मी फोन टेबलावर ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची. सात रिंगा, मग बंद. चौथ्या-पाचव्या रिंगेला वाटायचं, उचलावा, नुसतं ‘हं’ म्हणावं, पुढचं सगळं ती बोलेल. तिला काय, तिला नुसतं ‘हं’ पुरतं. सातवी रिंग संपली की मी स्वतःशी म्हणायची, मला हरवायला करते. मी मोडते का ते बघायला. ताईनं चार वर्षं एकही रविवार चुकवला नाही आणि ते मी बोलण्यात धरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी रेंज आहे का ते बघायला गॅलरीत जाऊन उभी राहिले. जिंकले होते. इतकं हरल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. त्यानंतर आजतागायत रविवारी अकरा वाजता मी कुठलंच काम हातात घेत नाही. फोनला हात मात्र लावला नाही. ती थांबली, म्हणजे तिलाही तेच हवं होतं, असा हिशेब मी पक्का करून टाकला.

चष्म्यावाली बाई गेली त्या दुपारी मी पंतोजींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, सांगत होतो ना. त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली आणि म्हणाले, ‘किती नोंदी आहेत अशा?’ चारशे बारा होत्या. ठरलं असं, की प्रत्येक नोंद उघडायची, कुणी काय सांगितलं ते नर्सच्या टिपणातून वाचायचं आणि एकाचे दोन रकाने करायचे: याच्या बाजूनं, तिच्या बाजूनं. माहीत नसेल तर कोरा. नावं झाकलेली होती, नुसते नंबर. आम्ही वाटून घेतल्या, त्यांनी वरून, मी खालून. तीन दिवस आम्ही दुसऱ्यांची भांडणं वाचत होतो. ‘मुलगा येत नाही, पण त्याला सांगा.’ ‘बायकोला कळवू नका, घाबरेल.’ या बाईला मशीननं नवऱ्याशी दुरावा लावला होता! ‘वडील बोलत नाहीत. मी पण नाही.’ अशा खरोखरच्या दोन्हीकडच्या नोंदी किती असाव्यात? माझ्या वाट्याच्या दोनशे सहांमध्ये सदतीस. बाकी सगळीकडे एक माणूस दुसऱ्याकडे तोंड करून उभं होतं आणि आम्ही त्याची मान धरून पलीकडे वळवली होती. दुपारी जेवताना पंतोजी म्हणाले, ‘आमची ही गेली त्याला नऊ वर्षं झाली. तुमच्या रचनेप्रमाणे आमच्यात आता काही शिल्लक नाही, दुसरा धारकच नाही म्हटल्यावर.’ हसत म्हणाले. मी डब्याचं झाकण उगाच लावलं, उगाच काढलं.

तिसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला माझा स्वतःचा नंबर समोर आला. ही नोंद असणार हे मला माहीतच होतं. चार वर्षांपूर्वी पित्ताशय काढायला मी याच दवाखान्यात पडले होते. नर्सनं विचारलं, जवळचं कुणी? मी म्हणाले, बहीण आहे, पण आमचं बोलणं नाही. शेजारणीचं नाव लिहा. तिनं कळ दाबली, आणि दुखत असतानाही मला बरं वाटलं होतं, की बघा, एका कळीत काम झालं. धन्य माझी! ती नोंद उघडली. तिला जोडलेला दुसरा नंबर होता आणि त्या नंबरापुढे टिपणं होती. मला आधी कळेचना. ताईच्या नंबराला टिपणं कशी असतील, ती काय इथे आली होती का? आली होती. दोन वर्षांपूर्वी. हृदयाची झडप. पहिलं टिपण: ‘रुग्ण म्हणते, बहीण एकच. ती बोलत नाही, मी बोलते. ऑपरेशनआधी तिला कळवा.’ खाली मशीनची ओळ: परस्पर दुरावा आधीच नोंदलेला – निरोप रोखला. तिसऱ्या दिवसाचं टिपण, दुसऱ्या कुणीतरी घाईघाईत टाइप केलेलं: ‘रुग्णानं पुन्हा विचारलं, बहिणीला कळवलं का. सांगितलं, निरोप आपोआप जातो, गेला असेल.’ चौथ्या दिवसाचं: ‘रुग्ण विचारते, बहीण काय म्हणाली.’ त्यापुढे बहिणीबद्दल काही नव्हतं.

तारीख मी बघितली. बघायची गरज नव्हती. फोन थांबले तोच महिना. म्हणजे मी लिहून ठेवलं होतं की ताई बोलत नाही, तेव्हा ते साफ खोटं होतं. आणि त्या चार दिवसांनंतर ते खरं झालं. मी खोटं लिहिलं आणि माझ्या लिहिण्यानं ते खरं करून दाखवलं. मी टेबलाची कड धरली. पंतोजींनी विचारलं, ‘बाई, काय झालं?’ मी म्हणाले, ‘पुढची नोंद तुम्ही करा.’ त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं, दोन्ही नंबर बघितले. ओळखलं असणार. त्यांनी रकाने वेगळे केले. माझ्या बाजूनं: दुरावा. तिच्या बाजूनं काय लिहायचं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वीचं मला माहीत होतं. आजचं? ती आहे का, कशी आहे, झडप कशी चालते, जिने चढवतात का, कुणाशी बोलते, अजून कुलपाशी बोलते का? मला काही, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ‘कोरा ठेवा,’ मी म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. चारचौघांत रडायची मला भयंकर लाज. त्या दिवशी नाही वाटली.

फोन करावा असं वाटलं आणि भीती वाटली, की सात रिंगा होतील आणि बंद होईल. रविवारी मी गेले. दोन बस बदलून. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते आणि सगळी माझ्या बाजूची निघत होती: माझी चूक नाही, म्हणजे चूक माझीच, पण तशी नाही. ताईचं घर तळमजल्यावर, पूर्वीचंच. दारासमोर चपलांचा एकच जोड होता. तो बघून आधी जीवात जीव आला. बेल वाजवली. आतून सावकाश पावलं आली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा आली. ताईनं दार उघडलं. केस कापून अगदी बारीक केले होते, सगळे पांढरे. गळ्याखाली उभा व्रण वरपर्यंत आलेला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. माझ्याशी ताई काहीच बोलली नाही असं जन्मात पहिल्यांदा झालं. बाजूला झाली एवढंच.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. धारक, परस्पर, रोखलेला निरोप, चारशे बारा नोंदी, पंतोजी, चष्म्यावाली बाई. निम्म्याहून अधिक तिला कळलं नसणार. खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकून ती ऐकत होती. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, ‘म्हणजे तुला कुणी कळवलंच नाही?’

‘नाही गं, ताई. आईशपथ नाही.’

‘मी चार दिवस दाराकडे तोंड करून झोपले होते,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर म्हणायचे, या कुशीवर नका झोपू. ती नर्स पोरगी म्हणाली कळवलंय. मग मी म्हटलं, पुरे झालं आता. मग नाही केला फोन.’ खुर्चीवर बसली. बसताना तिला धाप लागली आणि ती मला दिसू नये म्हणून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, एवढंच मनात होतं, आणि दोन पावलांचं ते अंतर मला पार होईना. माझी ताई. मला तिचं बोलणं हवं होतं, बुडालेल्या वाक्यांसकट, खोट्यानाट्या गोष्टींसकट, सगळं. सहा वर्षं हवं होतं.

‘आणि कळवलं असतं,’ खिडकीकडे बघतच तिनं विचारलं, ‘तर आली असतीस?’

हो म्हणणं किती सोपं होतं. तोंडात तयार होतं. तिला तेच हवं असणार, मलाही तेच हवं होतं, आणि दोघींनाही हवं असल्यावर ते खरं म्हणून चालूनही गेलं असतं. पण दोन वर्षांपूर्वीची मी मला माहीत होते. निरोप वाचला असता. फोन टेबलावर पालथा घातला असता. म्हणाले असते, आजारी पडली तेव्हा आठवण झाली. चार दिवस जीव टांगणीला लावून घरात येरझाऱ्या घातल्या असत्या, शेजारणीकडून वॉर्डात फोन करवून चौकशी केली असती, आणि गेले नसते. मशीननं माझ्यावर काही लादलं नव्हतं. माझ्या बाजूचा रकाना बरोबर होता.

‘नसते आले,’ मी म्हणाले.

ताईनं मान वळवली. वाटलं, रागावेल. ‘चालती हो’ म्हणाली असती तर मी गेले असते. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीचाच होता, केस धुताना असायचा तसा.

‘ते माहीत होतं मला, ठकू,’ ती म्हणाली. ‘तरी तुझंच नाव सांगितलं.’